बोट कुठे ठेवायचं?

पावसाळ्यातली सकाळ होती. आम्ही गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर होतो. सर नुकतीच थांबली होती, पण मळभ काही हटत नव्हतं. मांडवीच्या मुखाजवळचा हा किल्ला १६१२ सालचा. लांबच्या सफरीवरची जहाजं इथलं गोडं पाणी भरून घेत, त्यावरूनच त्याला आग्वाद हे नाव पडलं. किल्ल्यात १८६४ साली बांधलेला गोल, पांढरा दीपस्तंभ आहे. १९७६ पर्यंत, म्हणजे तब्बल ११२ वर्षं त्याने दर्यावर्द्यांना उजेड दाखवला. त्याचा एक छानसा फोटो घ्यावा, एवढीच माझी इच्छा होती.

चार फोटो काढले आणि चारही काळवंडलेले आले. पांढरा मनोरा अगदी कोळशासारखा. मी वैतागून फोन पर्समध्ये टाकणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "आत्या, फोन आभाळाचा उजेड मोजतोय. मनोऱ्यावर बोट ठेव." मळभ असलं तरी मागचं आभाळ भिंतीपेक्षा उजळ असतं. फोन त्याचाच हिशोब धरतो आणि समोरची वस्तू अंधारात ढकलतो. मी पडद्यावर मनोऱ्याच्या जागी बोट टेकवलं. क्षणात चुन्याच्या भिंतीवरचे पावसाचे ओघळ दिसायला लागले. वरचा कठडा दिसला. खालचा भिजलेला जांभा लालबुंद दिसला. ऊन नसल्यामुळे कुठे कडक सावलीही नव्हती. सगळं कसं मऊ, स्पष्ट.

रोज सकाळी आपणही बहुतेक वेळा आभाळच मोजत असतो. उठल्या उठल्या हातात बातम्या येतात. कालचं कुणाचं तरी बोलणं आठवतं. महिनाअखेरचा हिशोब डोक्यात फिरतो. मग त्या मळभात जवळचं सगळं काळवंडून जातं. डबा भरून देणारे हात दिसत नाहीत. गुडघा धरून उठणारी आई दिसत नाही. हातातलं काम किती थोडं उरलंय, तेही दिसत नाही. काळज्या खऱ्याच असतात, त्या बोट ठेवल्याने विरत नाहीत. पण नजर जवळ आणली, की जवळचं माणूस आणि जवळचं काम पुन्हा नीट दिसू लागतं.

आज घराबाहेर पडण्याआधी एवढंच करून बघा. एका माणसावर किंवा एका कामावर मनातलं बोट ठेवा. आईला विचारा, "रात्री झोप लागली का?" टेबलावरचा एक कागद हातावेगळा करा. माझ्या त्या फोटोत आभाळ नुसतं पांढरट आलं आहे. घरी फोटो बघणाऱ्या कुणीच आजवर त्याबद्दल विचारलेलं नाही. सगळे विचारतात ते एकच, "हा दीपस्तंभ कुठला गं?"