भोपाळचं मूल

वर्गात फोटो वाचायला बसलं की मुलं लगेच प्रकाश, फ्रेम, कॉन्ट्रास्ट सुरू करतात. मी रघु राय यांचा १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेचा कृष्णधवल फोटो समोर ठेवते. मातीत पुरलं जाणारं मूल, फक्त चेहरा वर. डोळे उघडे, पांढुरके. त्यावर एका मोठ्या माणसाचा हात. वर्ग गप्प होतो. याची रचना उत्तम आहे असं म्हणणं पाप आहे का?

मला नाही वाटत. त्याच मुलाचा पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत फोटो काढला, त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कारही मिळाला. दोन्ही शेजारी ठेवावेत. रंगात ती कातडी राहते, कालपर्यंत जिवंत असलेली. कृष्णधवलात चेहरा दगडी मूर्तीसारखा होतो आणि शोक सगळ्यांचा होतो. संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्टनायकाचं साधारणीकरण, म्हणजे एकाचा भाव सगळ्यांचा होणं, ते हेच. पण नाटकातला शोक नटाचा असतो; इथलं मूल खरं आहे, इथे रसास्वाद घेऊन मोकळं होता येत नाही. रचना तपासायची ती त्या मुलाच्या बाजूने. फ्रेममधून हात कापला असता तर नुसतं प्रेत उरलं असतं. हात आहे म्हणून ते कुणाचं तरी लेकरू आहे. त्याची ओळख आजवर पटलेली नाही, आणि कॉन्ट्रास्टबद्दल बोलण्याआधी हे सांगायचं, असा माझा वर्गात आग्रह असतो.