वारसा: आपण मालक की राखणदार?

॥ जय गुरुदेव ॥



आपली हैदराबादची मंडळी राहतात त्याच शहरात एकेकाळी जगातला सर्वात श्रीमंत माणूस राहत होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान. १९३७ साली 'टाइम' मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर छापलं. जेकब हिरा ते टेबलावर कागद दाबायला ठेवत, आणि अंगावर मात्र जुनेच कपडे!

१९६७ मध्ये ते गेले. सगळं नातवाकडे, मुकर्रम जाह यांच्याकडे आलं. सोबत हजारो आश्रित आणि नातलगांचे दावेही आले. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. नातवाचा जीव दरबारात कमी, इंजिनं आणि बुलडोझर यांत जास्त. ते ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रानात जाऊन राहिले. इकडे महाल ओस पडले, दौलत आटत गेली, भाऊबंदकी कोर्टात गेली. १९९५ मध्ये दागिने भारत सरकारने २१८ कोटींना घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते इस्तंबूलमध्ये वारले, आणि शेवटी मक्का मशिदीच्या आवारात साडेतीन हात जागेत विसावले.

हे कुणाला हसायला सांगत नाही. विचार करू या, मग उरलं काय?

१९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर बांधलेला उस्मान सागर उरला. १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ उरलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी दिलेली मदत उरली. तिथलं निजाम गेस्ट हाऊस आजही उभं आहे.

मराठवाड्यातले आपले वडीलधारे रझाकारांचे दिवस विसरणार नाहीत, आणि विसरा असं आम्हीही म्हणत नाही. तो पैसाही शेवटी रयतेचाच. पण म्हणूनच बघा, जे रयतेकडे परत गेलं तेच टिकलं. तिजोरीत कोंडलं ते वाटण्यांत विरलं.

आता आपल्या घरात डोकावू या. आपल्याकडे हिरे नाहीत. चार एकर रान, एखादा फ्लॅट, आईच्या पाटल्या. पण तेवढ्यावरून सख्खे भाऊ दिवाळीला एकमेकांच्या दारात जात नाहीत, हे आपल्याही परिवारांत घडतंय ना? पाटल्या कुणाला, यावरून आईचं आजारपण मागे पडतं.

सद्गुरूंनी आपल्याला राखणदार व्हायला शिकवलंय. राखणदार दोन गोष्टी करतो. हिशोब उघडा ठेवतो, आणि पीक वाटून खातो.

म्हणून या रविवारी एवढंच करू या. जेवणं झाली की सगळे एकत्र बसू. काय आहे, कुणाच्या नावावर आहे, कर्ज किती, हे मुलांसमोर स्वच्छ सांगू. त्यातला एक वाटा, कितीही लहान असो, एखाद्या मुलाच्या फीसाठी किंवा कुणाच्या औषधासाठी बाजूला काढू. आणि ज्या भावाशी, बहिणीशी अबोला आहे, त्यांना फोन आपणच आधी लावू.

मुलांना दौलत किती देता येईल, ते आपल्या हातात नाही. भांडण न देणं नक्कीच आहे.

॥ जय गुरुदेव ॥