मेंदू आणि स्मरण

गेल्या वर्षी निरूपण संपल्यावर एक वासनिक गृहस्थ जवळ येऊन बसले. म्हणाले, "बाबा, आईला आता माझेही नाव आठवत नाही. उपदेश घेतल्यापासून तिने केलेले सारे स्मरण वाया गेले काय?"

मानवी मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या पन्नासाव्या भागाएवढे. परंतु देहाला स्वस्थ स्थितीत लागणाऱ्या शक्तीचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यात अदमासे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. (मनुष्य मेंदूचा दहावा भागच वापरतो, असे आपल्यातीलही काही वक्ते सांगतात. ते निराधार आहे. व्यासपीठावरून सांगू नये.) एकच विचार वारंवार केला असता त्यासंबंधीचे पेशींमधील सांधे दृढ होतात. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते मुखोद्गत करावे लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचा मागील अंश इतरांहून मोठा आढळला.

या अभ्यासाचे सामर्थ्य आपल्या पंथाला नवे नाही. म्हाइंभटांनी श्रमाने मिळविलेल्या लीळांच्या मूळ पोथ्या पुढे परचक्राच्या धामधुमीत हरपल्या आणि ज्यांना त्या कंठस्थ होत्या त्यांच्या मुखातून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या, असे परंपरा सांगते. पाठभेद उरले ते त्यामुळेच.

तथापि ज्याच्या आधारे पोथी वाचली, तो मेंदूही पोथीसारखाच नाशवंत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत मेंदूची गणना प्रपंचात, तीही कार्यरूप, म्हणून अनित्य प्रपंचात होते. व्याधीने तो झिजतो. त्यात बहुधा अलीकडचे आधी पुसले जाते. जुने, वारंवार घोटलेले अधिक काळ टिकते. अखेरीस तेही जाते, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु स्मरण करणारा जीव होता. मेंदू त्याचे साधन. लेखणी मोडली म्हणून लिहिलेले पुसत नाही.

मी विचारले, "पहाटे त्या काय करतात?"

"उठून बसते. ओठ हलतात, शब्द कळत नाहीत."

"मग तुम्ही शेजारी बसा आणि नाम मोठ्याने घ्या. त्यांना आठवते की नाही, याची परीक्षा घेऊ नका."

परवा ते पुन्हा आले होते. आईने अजून त्यांना ओळखलेले नाही. पहाटेचे बसणे मात्र चालू आहे.