वाचलेला वेळ कोणाचा?

मोडी लिपी ही आपल्या पूर्वजांची वेळ वाचविण्याचीच एक युक्ती होती. बोरू फारसा न उचलता ओळच्या ओळ लिहिता यावी, अशी तिची वळणे. मराठी राज्याची दफ्तरे तिनेच भरली. तेव्हा कामास गती देणारे नवे साधन पाहून मराठी कारकुनाने बिचकावे, हे त्याच्या परंपरेस शोभणारे नाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने सिद्ध केलेले ‘ई-ऑफिस’ आमच्या दिल्लीच्या कचेरीत आले, तेव्हा आम्हीही त्याचे उत्साहाने स्वागत केले. हिरवा टिप्पणी-कागद पडद्यावर गेला, लाल फीत सुटली, नस्तीची शोधाशोध थांबली. २०२० च्या टाळेबंदीत तर आम्ही घरी बसून टिप्पण्या लिहिल्या. वेळ वाचला, हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, हा वाचलेला वेळ कोणाचा?

सरकार म्हणेल, तो सरकारचा. जेथे दहा नस्त्या निकालात निघत तेथे आता तीस निघाव्यात. कारकून मनातल्या मनात म्हणतो, तो आमचा. दिवेलागणीपूर्वी घरी पोचता यावे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु या वेळेचा तिसरा एक हक्कदार असतो आणि तो पडद्यावर कोठेच दिसत नाही, हे आम्हांला एका प्रसंगाने शिकविले.

दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्याकडे आले. अर्जावर एक नाव, सेवापुस्तकात दुसरे. यंत्रात तयार शेऱ्यांची यादी असते. आम्ही त्यातील ‘नाव जुळत नाही; परत’ हा शेरा निवडला आणि कळ दाबली. सारे अर्ध्या मिनिटात झाले. चार महिन्यांनी बाईंचा दूरध्वनी आला. आम्ही मराठी आहोत हे कळताच त्या म्हणाल्या, “अहो साहेब, लग्नात सासरी नाव बदलले. दोन्ही नावे माझीच. त्यांतले कोणते खोडू?”

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल दुसऱ्या प्रांतातील एखाद्या सहकाऱ्यास कदाचित ठाऊक नसेल. आम्हांस ती ठाऊक होती. आमच्या आईचीही दोन नावे आहेत. पुन्हा सेवापुस्तक उघडले, तो तीनच पाने पुढे नामनिर्देशनाच्या पत्रात दोन्ही नावे शेजारी-शेजारी लिहिलेली! आमचे अर्धे मिनिट वाचले. बाईंचे चार महिने गेले.

दोष यंत्राचा, असे म्हणण्याचा मोह आम्हांला झाला. पण ते खरे नव्हे. पाने उलटण्यास यंत्राने मनाई केली नव्हती. कागदाच्या काळातही नस्त्या वर्षानुवर्षे धूळ खात पडत, हे विसरून जुन्याचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. उलट, यंत्र योग्य माणसाचा वेळ कसा वाचविते याचे उदाहरण आपल्याच खात्यांत आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले, आणि हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेच्या दारी तिष्ठणाऱ्या वृद्धांना तो घरबसल्या देण्याची सोय झाली. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात, म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयही झाली. येथे वाचलेला वेळ ज्याचा त्याला मिळाला.

म्हणून आम्हांस वाटते की, साधनाने वाचविलेला वेळ ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. तिचा पहिला वाटा नस्तीच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा. उरेल तो सरकारने आणि आपण सुखाने वाटून घ्यावा. हिशेब उलटा केला, तर गती वाढते. पण तिचा भार अशा माणसावर पडतो, ज्याला कळ दाबणारा हातही दिसत नाही.

बाईंचे प्रकरण पुढे मार्गी लागले व थकबाकीही मिळाली. चार महिन्यांत घर कसे चालविले, हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. तेव्हापासून नस्ती परत करताना आम्ही तयार शेरा वापरीत नाही. कारण स्वतःच्या शब्दांत लिहितो. त्यासाठी पाने उलटावी लागतात, आणि संध्याकाळी घरी पोचण्यास थोडा उशीर होतो.