थांब, मी दाबते

हात मांडीवर ठेवा. तळवे जसे पडतील तसे पडू द्या. बोटं सैल सोडा, आणि हे वाचून होईपर्यंत ती उचलायची नाहीत असं मनाशी ठरवा. पान उलटण्यापुरती सूट घ्या. आता जवळ जी खिडकी असेल तिच्याकडे पाहा. खिडकी नसेल तर भिंतीवर पडलेला उजेडही चालेल.

उजेड कुठून आत येतोय ते पाहा. कुठे अडतोय, कुठे सांडतोय. गजांची सावली फरशीवर सरळ पडली आहे की तिरकी? पडद्याच्या कडेला रंग जरा वेगळा दिसतो का? घाई नाही. एक श्वास, मग आणखी एक.

थोड्या वेळानं यातलं काहीतरी आवडेल. कपाच्या काठावरची चकाकी असेल, नाहीतर शेजारच्या गच्चीत वाळणारं लुगडं. आणि ते आवडल्याबरोबर हाताला हलकीशी ओढ लागेल, फोनकडे जाण्याची. ती ओढ नीट ओळखून घ्या. ती मनगटात जाणवते की खांद्यात, तेही पाहा. बोटं मात्र उचलू नका.

ही ओढ मला रोज लागते. माझी बोटं उचलली जात नाहीत.

बारा वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात माझ्या मानेला मार बसला आणि मज्जारज्जूला इजा झाली. खांदे चालतात, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं. मनगट वर उचललं की कंडरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप थोडी मिटतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी मला याच हालचालीवर पेला धरायला शिकवलं, आणि पहिला पेला ओठांपर्यंत गेला तेव्हा आम्ही दोघी रडलो. पण एकटी तर्जनी खाली दाबायची, दोन-चार मिलिमीटर, एवढी हालचाल माझ्यापाशी नाही. आणि फोटोच्या शेवटी कॅमेरा नेमकी तेवढीच मागतो.

इस्पितळातून घरी आल्यावर पहिली दोन वर्षं मी कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका सकाळी वाईच्या घरात, माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर, पारिजातकाचा सडा पडला होता आणि त्यावरून मांजर चाललं होतं. भाची शेजारी बसली होती. मी म्हटलं, "तो कॅमेरा काढ ग." तिनं काढला, डोळ्याला लावला आणि विचारलं, "मावशी, दाबू का?"

मी हो म्हणाले. तिनं दाबलं. फोटो छान आला होता. पण तो तिचा होता. मांजराचा पुढचा पाय फुलावर टेकण्याआधीच फोटो निघून गेला होता. मला तो पाय टेकलेला हवा होता.

इथे जरा थांबू. तुमच्या आयुष्यातली अशी एखादी गोष्ट आठवा, जी तुमच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी केली, मायेनं केली, चांगलीच केली, आणि तरी ती तुमची झाली नाही. त्या माणसाबद्दल मनात राग आणू नका. राग येण्यासारखं त्यात काही नसतं. फक्त आत जी पोकळी उरली तिच्यापाशी थोडा वेळ बसा. मी तिच्यापाशी बरेच दिवस बसले.

त्या दिवसांत मला योसेफ सुदेक भेटला, म्हणजे त्याचे फोटो भेटले. प्रागचा छायाचित्रकार, जन्म १८९६, कामानं बुकबाइंडर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. पुस्तकं बांधायला दोन हात लागतात. ती वाट बंद झाली, तेव्हा जी फोटोग्राफी तोवर हौसेची होती ती तो रीतसर शिकला. १९२६ साली तो एका वाद्यवृंदाबरोबर पुन्हा इटलीत गेला, आणि एके दिवशी सगळ्यांना सोडून, जिथे हात गमावला ती जागा शोधत निघाला. दोनेक महिने तो परतला नाही. आल्यावर पुन्हा कॅमेऱ्याशी बसला आणि १९७६ मध्ये जाईपर्यंत बसला. मोठाले, जड कॅमेरे त्यानं एका हातानं चालवले. लागेल तिथे दातांची मदत घेतली, लागेल तिथे सोबतच्या मदतनिसाची.

१९४० पासून १९५४ पर्यंत तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. सुरुवातीला शहरावर जर्मनांचा ताबा होता. बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं सोपं नव्हतं. मग काचेवर साचलेलं दव, गोठलेलं बर्फ, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला पाण्याचा पेला, आणि काचेपलीकडे बागेतलं वाकडं झाड. एकच खिडकी, चौदा वर्षं. मी ते फोटो पाहते तेव्हा त्याचा नसलेला हात मला आठवतच नाही. एवढा वेळ तिथे कुणीतरी बसून राहिलं, हे मात्र आठवत राहतं.

आता पुन्हा तुमच्या खिडकीकडे या. मघापासून उजेड थोडा सरकला असेल. हात अजून मांडीवर आहेत ना?

माझ्या खिडकीशी मी जास्तीत जास्त अर्धा तास सलग बसू शकते. मग अंग पुढे झुकवून बैठकीवरचा भार हलका करावा लागतो, नाहीतर कातडीला जखमा होतात, आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. मानेखाली घाम येत नाही, म्हणून ऊन चढलं की मला आत सरकावं लागतं. सुरुवातीला या दोन गोष्टींचा मला फार संताप यायचा. आता माझं घड्याळ तेच आहे. अर्धा तास पाहायचं, झुकायचं, पुन्हा पाहायचं. झुकून वर आले की उजेड दर वेळी बदललेला असतो.

साधनांबद्दलही सांगते, कारण साधनांशिवाय ही सगळी नुसती बोलणी राहतील. बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला पाव इंचाच्या स्क्रूचे आटे असतात, कुठल्याही कंपनीचा कॅमेरा घ्या. आमच्या गावातल्या वेल्डरनं व्हीलचेअरच्या हातावर एक नळी बसवली आणि टोकाला तो पाव इंचाचा स्क्रू लावून दिला. त्यानं आयुष्यात कधी असा कॅमेरा हाताळला नव्हता. पण नळी किती वाकवायची, हे त्यानं माझ्या शेजारी उकिडवं बसून, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर स्वतःचा डोळा आणून ठरवलं.

बऱ्याच कॅमेऱ्यांच्या कुशीत रिमोटसाठी एक छोटं भोक असतं. त्यात जाणाऱ्या वायरीच्या टोकाला काय लावायचं ते आपल्या शरीराकडे पाहून ठरतं. माझ्याकडे बशीएवढा गोल स्विच आहे. मी त्यावर मूठ नुसती सोडते, हाताच्या वजनानं तो दबतो. ज्याचा हात अजिबात हलत नाही त्याच्या गालाशी असा स्विच बसवता येतो. कुणी दातांत धरून चालवतो, कुणी नळीत फुंकर घालून. फोनच्या बाबतीत हे आणखी सोपं झालंय. आवाजानं फोटो निघतो. २०२१ पासून अँड्रॉइडमध्ये भुवई उंचावून किंवा तोंड उघडून फोनला हुकूम देण्याची सोय आहे. दोनेकशे रुपयांचा ब्लूटूथ रिमोट तर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो. 'तळहात दाखवा, फोटो निघेल' ही सोय मात्र माझ्या कामाची नाही, माझा पंजा पुरता उघडतच नाही. प्रत्येक सोय कुणाच्या तरी शरीरापाशी येऊन संपते. म्हणून साधनं पुष्कळ हवीत, आणि ती हवी तशी वाकवता आली पाहिजेत.

बाहेर नेताना कॅमेरा खुर्चीलाच असतो. पण माझ्या पायांना मधूनच झटके येतात, खुर्ची हादरते, खुर्चीबरोबर कॅमेराही. म्हणून बाहेर शटरचा वेग वाढवून ठेवते. घरात कॅमेरा वेगळ्या ट्रायपॉडवर असतो. तिथे मी थरथरले तरी चित्र स्थिर राहतं.

आता ज्यासाठी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं तिथे येऊ.

खिडकीत हलणारं काहीतरी निवडा. पंख्याच्या वाऱ्यानं उचलला जाणारा पडदा, डहाळी, रस्त्यानं जाणारी माणसं, काहीही. त्याकडे पाहत राहा आणि योग्य क्षण आला की मनातल्या मनात म्हणा, "आता." बोट नाही, आवाज नाही, फक्त मनात. पुन्हा पाहा. पुन्हा "आता".

काही वेळानं कळेल की दर वेळी थोडा उशीर होतोय. 'आता' म्हणेपर्यंत पडदा खाली आलेला असतो. मनात उमटलेलं मुठीपर्यंत पोचायला माझ्याकडे आणखी वेळ जातो, आणि मूठ स्विचवर टेकायला आणखी थोडा. आवाजानं फोटो काढायचा तर फोन आधी ऐकतो, मग समजून घेतो, मग काढतो. माझा साधा स्विच अर्धवट दाबता येत नाही, म्हणून आधी फोकस, मग क्लिक, असे दोन टप्पे मला मिळत नाहीत. फोकस आधीच एका जागेवर बांधून ठेवावा लागतो. पारिजातकाखालची एक फरशी मी निवडली आहे. तिथे काही येईल तेव्हाच ते स्पष्ट दिसेल.

म्हणून मी 'आता'च्या आधी पाहायला शिकले. मांजर कुठे निघालंय हे त्याच्या शेपटीवरून कळतं. वारा पडद्याआधी झाडाला लागतो. वाईच्या घाटावर पायऱ्याच पायऱ्या आहेत. मी वर रस्त्यालगत थांबते. खाली धुणं आपटणारी बाई हात वर नेण्याआधी खांदा मागे घेते, तेव्हाच मी मूठ सोडायची असते. पुन्हा तुमच्या पडद्याकडे पाहा. या वेळी पडदा सोडा, त्याला उचलणारा वारा पाहा. आणि "आता" थोडं आधी म्हणा.

जमलं का? नाही जमलं तरी हरकत नाही. मला दोन पावसाळे लागले.

माझे डोळे जमिनीपासून चारेक फुटांवर असतात. लग्नात, जत्रेत माझ्यापुढे पाठीच पाठी येतात. पण आठ वर्षांची मुलं माझ्याकडे मान वर न करता बघतात, आणि वेताच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका माझ्या कॅमेऱ्याला समोरासमोर भेटतात. असे चेहरे उभ्या माणसाला मिळवायचे तर गुडघे टेकावे लागतील.

भाची आता कॉलेजात आहे. सुट्टीत आली की ट्रायपॉड तीच लावते, लेन्स पुसते, कार्ड बदलते. यातलं काहीही मला करता येत नाही आणि ती करते याचं मला ओझं वाटत नाही. फक्त शेवटची गोष्ट तिच्याकडे नाही. गेल्या दिवाळीत अंगणातल्या पणतीची, वारा लागून आडवी झालेली ज्योत सरळ होत होती. सवयीनं तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि ती म्हणाली, "मावशी, दाबू का?"

"थांब," मी म्हटलं, "मी दाबते."

तिनं हात मागे घेतला. ज्योत सरळ झाली, पुन्हा वाकली, पुन्हा सरळ झाली. पाच-सहा मिनिटं गेली असतील. ती काही बोलली नाही.

आता बोटं हलवा. एकेक करून, सावकाश. तळहात उघडा, मिटा. आणि तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत असं एक माणूस आठवा, ज्याचे फोटो दर सणाला काढले जातात पण ज्याच्या हाती कॅमेरा कधी दिला जात नाही. खुर्चीतले काका असतील, थरथरत्या हातांची आजी असेल, वॉकर घेऊन चालणारा शेजारचा मुलगा असेल. पुढच्या वेळी सगळे रांगेत उभे राहाल तेव्हा फोन त्यांच्यासमोर स्टँडवर लावा, रिमोट त्यांच्या मुठीत, गालाशी, जिथे चालेल तिथे द्या, आणि तुम्ही रांगेत जाऊन उभे राहा. ते बटण दाबायला कितीही वेळ घेवोत, हलू नका.