उरलेले तुकडे आणि विजेचें बिल

(मननासाठीं शास्त्रभाग : योहान ६ : ५-१३)



पांच भाकरी व दोन मासळ्या यांवर सुमारें पांच हजार पुरुष जेवले, ही कथा आपणांस बालपणापासून ठाऊक आहे. परंतु तिच्या शेवटाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ज्या प्रभूनें एवढें अन्न पुरविलें, त्यानेंच उरलेले तुकडे गोळा करावयास शिष्यांस सांगितलें, आणि त्यांच्या १२ टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं विपुलता होती, त्यास नासाडी खपली नाहीं. मग ज्यांस तुटपुंज्या मिळकतींतून विजेचें बिल भरावें लागतें, त्या आपणांस ती कशी खपावी?

घरांतील हे तुकडे कोठें सांडतात तें पाहूं. १००० वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. ६० वॉटचा जुना दिवा रोज ५ तास जळाला, तर ३० दिवसांत ९ युनिट जातात. जवळजवळ तितकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटाहूनहि कमी घेतो. ७५ वॉटचा पंखा रोज १० तास फिरल्यास महिन्यास २२.५ युनिट होतात. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा तेंच काम ९ युनिटांत करितो. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला कीं एक युनिट संपलें. शिवाय महाराष्ट्रांत घरगुती बिलांत १०० युनिटांच्या पुढें दर चढतो. म्हणून त्यावरील जें युनिट वांचेल, त्याचा लाभ अधिक.

परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तुकडे गोळा करण्याची आज्ञा जेवणापूर्वीं झाली नाहीं. सर्व तृप्त झाल्यावर झाली. कोणाच्या तोंडचा घांस काढून त्या टोपल्या भरल्या नाहींत. आपल्या कित्येक घरांत मात्र काटकसरीचा भार दुर्बलांवर पडतो. बिल वाढलें कीं आजारी आजीच्या खोलींतील पंखा बंद होतो, मुलीस अभ्यासाचा दिवा मालवावयास सांगतात, सून अंधुक स्वयंपाकघरांत भाकरी थापते. आणि ओसरीवर कोणी पाहत नसतां टीव्ही चालूच असतो! ही काटकसर नव्हे, हा अन्याय होय. तसेंच तारेवर आकडा टाकून बिल कमी करणें हीहि बचत नव्हे. २००३ च्या विद्युत कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि देवाच्या दृष्टीनें ती उघड चोरी आहे.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, या आठवड्यांत एका सायंकाळीं प्रार्थनेनंतर सर्व कुटुंबानें बिल पुढें घेऊन बसावें. गेल्या महिन्यांत किती युनिट झाले तें मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. कोणती वीज गरजेची व कोणती वायां गेली, हें सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि आरंभ घरच्या कर्त्यानें आपल्यापासून करावा. टीव्ही नुसता रिमोटानें बंद न करितां भिंतीवरचें बटन बंद करावें. रिकाम्या खोलींतील दिवा ज्याच्या दृष्टीस पडेल त्यानें मालवावा. जे पैसे वांचतील, त्यांतून प्रथम आजीचा पंखा फिरावा व मुलीचा दिवा जळावा.

असें ज्या घरीं घडेल, तेथें बिल उतरेल आणि प्रीतीहि वाढेल. प्रभु आपणां सर्वांस ही सुबुद्धि देवो. आमेन.