हुकमाचे ताबेदार

आपल्याच नीतीविरुद्ध वागणारा माणूस बहुधा नीती सोडत नाही. हिंसा वाईट हे त्याला आधीही पटलेले असते आणि नंतरही. बदलते ते एवढेच, की कृत्य कोणाच्या नावावर मांडायचे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी या व्यवहाराची कथा दोनदा रंगवली: इसवी सनापूर्वीच्या दहाव्या लेण्यात आणि पुढे पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळातल्या सतराव्यात. ती कथा छद्दंत जातकाची.

गजराजाच्या दोन हत्तिणींपैकी धाकटी मत्सराने झुरून मरते आणि पुढच्या जन्मी काशीची राणी होते. आजाराचे सोंग घेऊन ती गजराजाचे सुळे मागते. राजा शिकारी बोलावतो. निवड सोनुत्तराची होते, पण काम ऐकून तो हबकतो. राणी त्याला धीर देते, पाच गावे देऊ करते. इच्छा राणीची, हुकूम राजाचा, बाण शिकाऱ्याचा. पुरते पाप कोणाच्याच पदरी पडत नाही. कचेरीत ‘वरून आदेश आहे’, ‘आम्ही हुकमाचे ताबेदार’ असे ऐकू येते ती याच वाटणीची भाषा.

ही वाटणी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी १९६१ मध्ये येल विद्यापीठात प्रयोगाने तपासायला घेतली. उत्तर चुकले की शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचा धक्का द्यायचा, असे काम साध्या नागरिकांना दिले. धक्के खोटे होते, पण ते त्यांना सांगितलेले नव्हते. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. खरी मेख कळींच्या रांगेत होती. प्रत्येक कळ आधीच्या कळीहून फक्त १५ व्होल्टने जास्त. ३०० व्होल्ट देऊन बसलेल्याने ३१५ नाकारायचे तर कारण हवे, आणि ते कारण ३०० लाही लागू पडते. नकार म्हणजे मागच्या चुकीची कबुली. त्यापेक्षा पुढची कळ दाबणे सोपे.

धक्के सोसणारा त्याच खोलीत आणून बसवला तेव्हा शेवट गाठणारे ४० पैकी १६ उरले. त्याचा हात धरून धक्क्याच्या पट्टीवर दाबायचा होता तेव्हा १२. सोनुत्तरही खड्ड्यात लपून, अंगावर भिक्षूचे काषाय वस्त्र घालून विषारी बाण सोडतो. सुळे कापायला मात्र जवळ जावे लागते, आणि तिथे करवत त्याच्या हातून चालत नाही. शेवटी हत्तीच सोंडेत करवत धरून सुळे कापून देतो. कथेत कारण ताकदीचे दिले आहे. वाचणाऱ्याला दुसरेही सुचावे. दूर महालात बसून हुकूम सोडणारी राणी सुळे समोर येताच कोसळते. चित्रकारांनी तो क्षण सोडलेला नाही.

मिल्ग्रॅम यांच्या निष्कर्षांवर पुढे आक्षेप आले. धक्के खरे आहेत याबद्दल काहींना शंका होती. शिवाय ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ हे सर्वांत कडक वाक्य सर्वांत कमी चालले. अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसे धाकाला नव्हे, विज्ञानाच्या थोर कामाला साथ देत होती. हे मत जास्त पटण्याजोगे आहे. नुसत्या हुकमाला मन अडते. हुकमाला सत्कार्याचा वास लागला की अडत नाही.

काही वेळा तर सांगणाराही लागत नाही. दहाव्या लेण्यातच एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव कोरले. पुढे तिथे नावे कोरणाऱ्यांत घरची भिंत खरवडू न देणारे लोकही असणारच. एक नाव आधी दिसले की दुसऱ्याला मुभा मिळाल्यासारखी वाटते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अश्मीभूत जंगलात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी हेच पाहिले. ‘पूर्वी अनेकांनी लाकूड नेल्याने जंगलाचे रूप बदलले’ अशी खंत फलकावर लिहिली, तेव्हा वाटेवर मांडलेले सुमारे ८ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘लाकूड नेऊ नका’ एवढेच लिहिले तेव्हा २ टक्क्यांहून कमी. आपल्याकडचे कळकळीचे फलक लिहिणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

अनुकरण उलट दिशेनेही चालते. मिल्ग्रॅम यांच्या एका फेरीत सोबतीला दोन पढवलेले सहकारी होते. एक १५० व्होल्टला उठला, दुसरा २१० ला. त्या फेरीत ४० पैकी चौघेच शेवटापर्यंत गेले. मध्येच थांबलेल्यांना नंतर विचारले, तेव्हा बहुतेकांनी सांगितले की ते दोघे उठले नसते तरी आपण थांबलोच असतो.